उल्मेनफेल्सची रोग गिळणारी भिंत

"आलं! रक्त आलं!"

उल्मेनफेल्सच्या पडक्या किल्ल्याच्या आवारात माणसं टाचा उंच करून पाहत होती. सगळ्यांत पुढे एक म्हातारा भिंतीवरून आपला तळवा अलगद उचलत होता. क्षणापूर्वी ती भिंत कोरी पांढरी होती. आता तिच्यावर पाच बोटांसकट किरमिजी लाल पंजा उमटला होता, ओला आणि चकचकीत. म्हाताऱ्यानं तळवा उलटून पाहिला. हाताला रंगाचा थेंबही नव्हता. तो रडायला लागला. दोघांनी धरून त्याला बाजूला बसवलं.

"रडा, आजोबा, रडा!" मायस्टर लोथार घोगऱ्या आवाजात म्हणाला. "तुमचा दमा तिथे राहिला. आता तो भिंतीचा!"

लोथार विंगर्ट हिरव्या लोकरीच्या लांब कोटात बुरुजाच्या पायरीवर उभा होता. हा गृहस्थ पूर्वी म्हाताऱ्या माणसांना बसमध्ये घालून फुकट कॉफीला न्यायचा आणि परत येताना त्यांच्या गळ्यात उंटाच्या लोकरीची पांघरुणं मारायचा. आता तो पांघरुणं विकत नव्हता. आता तो मायस्टर होता, गुरू.

"आठशे वर्षांची भूक आहे या भिंतीला!" तो गर्जला. "रोग्यांची सेवा करणाऱ्या युट्टाला दुष्टांनी याच बुरुजात जिवंत चिणलं. तिचं रक्त अजून वाळलेलं नाही! ती म्हणते, आणा तुमचं दुखणं, मी पिते. डॉक्टर काय करतो? कापतो! शास्त्रज्ञ काय करतात? गेल्या साली रशियातली अणुभट्टी फुटली, तिकडून ढग आला आणि तुमच्या जंगलातली अळंबी खायची सोय राहिली नाही. ती कुणाची करणी? शिकलेल्यांची! ही भिंत शिकलेली नाही. म्हणूनच ती खोटं बोलत नाही!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. गर्दीच्या कडेला उभ्या असलेल्या ओटिली ब्रांडशाइडनं वाजवल्या नाहीत. ती तालुक्याच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. गावाकडे ती सणासुदीलाच यायची, पण आज धाकट्या बहिणीनं, रोसविटानं, हट्टानं बोलावून घेतलं होतं. "ताई, एकदा डोळ्यांनी बघ, मग बोल," एवढंच ती फोनवर म्हणाली होती. ओटिलीला वाटलं होतं, पाय मोकळे होतील, सॉसेज खाऊ, चार ओळखीचे भेटतील. लहानपणी दोघी याच पडक्या भिंतींवर चढून खरचटून घ्यायच्या. तेव्हा युट्टा नावाची कुणी बाई तिथे चिणलेली नव्हती. गावातल्या एकाही म्हातारीनं तिचं नाव कधी काढलं नव्हतं.

रांग सांभाळत होता अलोइस मोलिटोर. लाकडाच्या वखारीतला हा थोराड माणूस दर रविवारी सगळ्यांच्या आधी वर यायचा. त्याची बायको एल्फ्रीडे ईस्टरच्या आधी गेली. तिला साखरेचा विकार होता. या भिंतीला हात लावून ती बरी झाली, असं तिला सांगण्यात आलं आणि तिनं इंजेक्शनं बंद केली. ती गेल्यावर मायस्टरनं अलोइसच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, "तिच्या मनात कुठेतरी शंका होती, बाबा. भिंत शंका गिळत नाही." तेव्हापासून अलोइस रांग सांभाळत होता, दुसऱ्या कुणाच्या मनात शंका राहू नये म्हणून.

"चला, पुढची ताई, हात बुडवा," तो हळूच म्हणाला.

पुढची ताई रोसविटा होती.

ओटिली दचकली. ही रांगेत कशाला? रोसविटा दगडी भांड्यातलं गढूळसर पाणी पळीनं प्यायली, तिनं उजवा हात त्यात बुडवला आणि मायस्टरनं दाखवलेल्या जागी भिंतीवर टेकवला. तिचे ओठ हलत होते. हात उचलला. लालभडक पंजा. गर्दीतून आवाज उठला आणि रोसविटा इतकी मोकळी हसली, की ओटिलीनं तिला असं हसताना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

"आता खाली जाऊन पोटभर खा," मायस्टर म्हणाला. "परत येऊन बघा. भिंतीनं गिळलेलं असेल!"

आणि खरंच, दोघी खाली केसेनिशच्या खानावळीत बटाट्याचं सूप पिऊन तासाभरानं वर आल्या, तेव्हा पंजाची नुसती फिकट गुलाबी सावली उरली होती. थोड्या वेळात तीही गेली.

"बघितलंस?" रोसविटानं तिचा दंड धरला. "गेलं सगळं."

"काय गेलं? तुला झालंय काय?"

रोसविटानं दंड सोडला. मग गल्लीतल्या कुणाची गोष्ट सांगावी तशी म्हणाली, "छातीत गाठ आहे. उन्हाळ्यात सापडली. वाईट जातीची आहे म्हणाले. कापायचं ठरलं होतं. मी कळवून टाकलं, येत नाही म्हणून."

ओटिलीनं तिला ओढून बाजूला घेतलं.

"उन्हाळ्यात? आणि मला आज सांगतेस? तुझं डोकं ठिकाणावर आहे का, रोसी?"

"म्हणूनच नाही सांगितलं. तू अशीच ओरडणार."

"ओरडू नको तर काय नाचू? गाठ छातीत आहे आणि तू हात भिंतीला लावतेस!"

"आईला कापलं होतं ना डॉक्टरांनी?" रोसविटाचा आवाज चढला. "काय झालं तिचं? तू वसतिगृहात होतीस. तिची जखम मी धुवायचे, ताई. मी."

ओटिली टेकडी उतरायला लागली. रोसविटा चार पावलं मागून आली.

रोसविटाचं लोकरीच्या धाग्यांचं दुकान होतं, त्यामागेच घर. स्वयंपाकघरात आलुबुखाराचा केक भट्टीत ठेवायचा म्हणून ती हात धुवायला मोरीपाशी गेली. कपड्यांच्या साबणाची वडी तिनं हातांवर फिरवली आणि किंचाळली.

फेस गुलाबी झाला होता. उजव्या हातावरचा फेस गर्द गुलाबी, डाव्यावरचा पांढरा.

"ताई! अजून निघतंय! बघ, अजून अंगातून निघतंय!" ती रडायला लागली, आनंदानं.

ओटिली त्या फेसाकडे पाहतच राहिली. वर किल्ल्यात तिला काहीतरी खटकत होतं, पण बहिणीच्या गाठीनं ते पुसून टाकलं होतं. रक्त वाळताना तपकिरी पडतं. ते फिकट गुलाबी होऊन विरत नाही. हा रंग तिच्या रोजच्या ओळखीचा होता. दरवर्षी नव्या वर्गासमोर ती एक बिनरंगी पाणी दुसऱ्या बिनरंगी पाण्यात ओतायची, पेला किरमिजी व्हायचा आणि मागच्या बाकावरची मुलंसुद्धा गप्प बसायची.

"ते पाणी प्यायल्यावर पोटात काय होतं?" तिनं विचारलं.

"काय होणार? साफ होतं. सगळ्यांनाच होतं. दुसऱ्या दिवशी घर सोडता येत नाही. मायस्टर म्हणतात, विष बाहेर पडतं."

"विष!" ओटिलीनं टेबलावर मूठ आपटली. "रोसी, ती जुलाबाची गोळी आहे! औषधाच्या दुकानात मिळते, बद्धकोष्ठाच्या म्हाताऱ्यांना देतात. तिच्यात फिनॉल्फ्थॅलिन नावाचा पदार्थ असतो. साध्या पाण्यात त्याला रंग नसतो. साबण, सोडा, चुना, असलं काही लागलं की तो लाल होतो. तुझ्या हाताला रोग लागलेला नाही, साबण लागलाय!"

रोसविटानं नळ बंद केला. हात पुसले. तिचा चेहरा बंद झाला होता, दार लावून घ्यावं तसा.

"मला आज पहिल्यांदा झोप लागली असती," ती म्हणाली. "तेवढंही तुला बघवलं नाही."

ओटिलीनं शाळेत रजा कळवली आणि आठवड्याच्या मधल्या एका दुपारी प्रयोगशाळेतली फिनॉल्फ्थॅलिनची छोटी बाटली खिशात घालून ती एकटीच किल्ल्यावर गेली. आवारात शेळ्या चरत होत्या. रविवारी माणसं बघतात ती भिंत बुरुजाच्या आतल्या अंगाला होती. रुंदीला जेमतेम दोन दरवाजे मावतील एवढाच भाग पांढरा होता. बाकी सगळा किल्ला करडा आणि शेवाळलेला.

तिनं नखानं पांढरा थर खरवडला. पातळ पापुद्रा निघाला आणि खाली जुना करडा दगड दिसला. पापुद्र्यावर तिनं थेंब टाकला. फिकट गुलाबी. शेजारच्या उघड्या जुन्या सांध्यावर थेंब टाकला. काही नाही. आणखी वर, आणखी डावीकडे. काही नाही. तिथेही चुनाच होता, पण शेकडो वर्षं हवा खाऊन त्याचा केव्हाच दगड झाला होता. असा चुना काही केल्या लाल होत नाही. लाल होतो तो ताजा चुना, नुकता फासलेला. आणि तोही हवा लागली की हळूहळू मरतो. मग वरचा रंगही मरतो. आठशे वर्षांची भूक म्हणे! या भिंतीचं वय आठवडाभरही नव्हतं.

"काय शोधताय, बाई?"

गावप्रमुख केसेनिश चढ चढून धापा टाकत उभा होता. खानावळ त्याचीच.

"इथे चुना कोण फासतं?" तिनं सरळ विचारलं.

"चुना? ते मायस्टरची माणसं दर शनिवारी करतात. जुनी वास्तू आहे, नीट ठेवायला नको?"

"सगळा किल्ला ढासळतोय आणि नीट ठेवायचं ते एवढंसं ठिगळ? दर शनिवारी? तुम्हाला कधी विचारावंसं वाटलं नाही?"

केसेनिशनं टोपी काढून कपाळ पुसलं. "हे बघा, ओटिलीबाई. गाव मरत होतं. पोरं शहरात गेली. आता बस येतात, खोल्या भरतात. लोक हसत घरी जातात. कुणाचं काय नुकसान होतंय?"

"एल्फ्रीडे मोलिटोर."

केसेनिशनं टोपी परत डोक्यावर घातली.

"तिचं नुकसान झालं, केसेनिश. ती तुमच्या खानावळीतून पाव न्यायची. आता माझी बहीण रांगेत आहे. तुम्हाला ठाऊक नव्हतं असं मला सांगू नका. तुम्हाला ठाऊक करून घ्यायचं नव्हतं."

"तुम्ही रविवारी तमाशा करणार," तो कुरकुरला.

"तमाशा तुम्ही मांडलाय. मी फक्त पडदा ओढणार आहे."

रविवारी ओटिली रांगेत उभी राहिली. रोसविटाही आली होती. दोघींत तेवढ्या दिवसांत एक शब्द बोलणं झालं नव्हतं. ती लांब, कमानीखाली उभी होती.

"बाई, तुम्ही?" अलोइस चकित झाला. "बरं झालं, आलात."

मायस्टरनं तिला ओळखलं नाही. त्यानं हात पसरले. "ये, लेकी! कशानं पिडलीस?"

"रागानं," ओटिली म्हणाली.

लोक हसले. मायस्टरही हसला. "राग म्हणजे पित्त! भिंत तोही पिते. पाणी घे, हात बुडव."

ओटिलीनं भांड्यावर वाकून वास घेतला. "याला दारूचा वास येतोय."

"वनौषधींचा अर्क आहे तो."

"असेल. धान्याची दारू झाडपाल्यापासूनच करतात म्हणा." तिनं हात बुडवला आणि पांढऱ्या भागावर न टेकवता दोन पावलं डावीकडे, शेवाळलेल्या जुन्या दगडावर टेकवला. उचलला. ओला डाग, बाकी काही नाही.

"तिथे नाही! इथे!"

"का? युट्टाला एवढ्या चौकटीतच चिणलं होतं का? भिंत तर तीच आहे. आठशे वर्षांची खरी भिंत ही आहे, तुमची ती पांढरी नव्हे."

"तुझ्या मनात शंका आहे," मायस्टरचा आवाज थंड झाला.

"पुष्कळ आहे. मग आता बघा." तिनं तोच हात पांढऱ्या भागावर आपटला. लालभडक पंजा. "आता शंका कुठे गेली? दोन पावलांत मी भाविक झाले?"

गर्दीत कुजबुज सुरू झाली. ओटिलीनं पिशवीतून कपड्यांच्या साबणाची वडी काढली आणि सगळ्यांना दिसेल अशी उंच धरली. मग ती भांड्यात बुडवून बाहेर काढली. वडीवरून गुलाबी ओघळ तिच्या मनगटावर आले.

"या साबणाला कुठला आजार झालाय, मायस्टर? दमा? साखर? का माझ्या बहिणीसारखी छातीत गाठ?"

कुणीतरी खिदळलं. लगेच दुसरा आवाज आला, "बाईंना बाहेर काढा!"

"काढा! पण आधी ऐकून घ्या!" ओटिली आता ओरडतच होती. "पाण्यात जुलाबाच्या गोळ्या दारूत विरघळवून टाकल्यात. भिंतीवर काल ताजा चुना फासलाय. त्या गोळीला चुना लागला की लाल रंग येतो, आणि चुना हवेनं मेला की रंग जातो. हातावर चुना नसतो, म्हणून हात कोरा राहतो. बस! एवढीच तुमची युट्टा! शाळेतलं पोर हे करून दाखवतं. खोटं वाटत असेल तर मायस्टरांना सांगा, हे भांडं एका दमात रिकामं करा. वनौषधीच आहे ना? प्या!"

लोथारनं भांड्याकडे पाहिलं आणि एक पाऊल मागे घेतलं.

"प्या की!" मागून एक म्हातारी कडाडली. "मी आठ-आठ दिवस शौचकूपात काढलेत तुमच्या पायी!"

आता हशा फुटला, मोठा. लोथार हात उंचावून काहीतरी बोलत होता, नकारात्मक शक्ती, शिकलेल्यांचा कट, पण त्याचं ऐकायला फार थोडे उरले होते. तरी उरले होते. एका बाईनं ओटिलीच्या अंगावर थुंकायला कमी केलं नाही. "आमच्याजवळ एवढंच होतं," ती म्हणाली, "तेही घेतलंस."

मग हशा आपोआप थांबला. अलोइस मोलिटोर पुढे आला होता.

"बाई," तो म्हणाला, "एल्फ्रीडेचा हातसुद्धा लाल उमटला होता. दर वेळी."

"हो, अलोइस."

"म्हणजे तिच्या मनात शंका असो, नसो..."

"चुन्याला ते कळत नाही. कुणाचाही हात लाल उमटतो."

"मी तिला बोललो होतो," अलोइस म्हणाला. तो कुणाशी बोलत होता ते कळत नव्हतं. "शेवटच्या दिवसांत तिनं सुई मागितली. मी दिली नाही. म्हटलं, तुझा विश्वास कमी पडतोय."

ओटिलीनं हातातली साबणाची वडी खाली ठेवली.

अलोइसनं ते जड दगडी भांडं दोन्ही हातांनी उचललं. लोथारला वाटलं ते आपल्यावर येणार. तो डोक्यावर हात घेऊन खाली बसला. पण अलोइसनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यानं भांडं भिंतीवर रिकामं केलं. सगळा पांढरा भाग वरपासून खालपर्यंत पेटल्यासारखा लाल झाला आणि ओघळ पायथ्याच्या गवतात उतरले. पुढच्या रांगेतली माणसं मागे सरकली. कुणी छातीवर क्रूसाची खूण केली नाही, कुणी गुडघे टेकले नाहीत. आता ते काय आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि म्हणूनच कुणाला बघवत नव्हतं.

पोलीस आले, जाब-जबाब झाले. लोथार विंगर्टनं सांगितलं, की आपण कुणालाही औषध सोडायला सांगितलं नव्हतं, आपण तर नुसती एक जुनी दंतकथा सांगत होतो. परवान्याशिवाय उपचार केल्याबद्दल त्याला दंड झाला. एल्फ्रीडेबद्दल काहीच झालं नाही. तिला कुणी हात धरून रोखलं नव्हतं, असं कायद्याचं म्हणणं पडलं. निकाल ऐकून ओटिली न्यायालयाबाहेरच्या कठड्यावर बसली आणि रागानं तिला हुंदके आले. पुढे दोन वर्षांनी दक्षिणेकडच्या कुठल्याशा तळ्याकाठी तोच माणूस तांब्याच्या कड्यांनी सांधेदुखी बरी करतोय असं कानावर आलं.

रोसविटानं ऑपरेशन करून घेतलं. उन्हाळ्यात नुसती गाठ काढून भागलं असतं. आता अख्खा स्तन गेला, काखेतल्या गाठी गेल्या, हात कायमचा सुजला. विणकामाच्या सुया धरणं तिला जड जाऊ लागलं. शुद्धीवर आल्यावर ती पहिलं वाक्य बोलली ते हे: "ताई, मला तुझाही राग आलाय. तू माझ्या स्वयंपाकघरात जसं बोललीस, तसं कुणी बोलतं का? मी घाबरले होते गं. मूर्ख नव्हते."

"खरं आहे तुझं," ओटिली म्हणाली. तिनं बहिणीचा त्या बाजूचा हात उशीवर नीट ठेवला. "गोळीचं सांगायच्या आधी तुझ्याजवळ बसायला हवं होतं मी."

पुढच्या वसंतातही बस येतच राहिल्या. चमत्काराची बातमी लांबवर पोचली होती, तो फसल्याची तेवढी पोचली नव्हती. लोक पडक्या आवारात फिरत, भिंत शोधत, कुठे हात लावायचा ते विचारत. केसेनिश खांदे उडवायचा. मग एक दिवस रोसविटा खुर्ची घेऊन किल्ल्याच्या कमानीत जाऊन बसली आणि हवा चांगली असेल तेव्हा रोज बसू लागली.

मे महिन्यात ओटिली तिला न्यायला वर गेली, तेव्हा कमानीत एक तरुण बाई उभी होती. गोरीपान, ओठ चावत असलेली. तिच्या मानेला सूज होती.

"पण थोडी आशा वाटली तर त्यात काय वाईट आहे?" ती बाई विचारत होती.

"काही नाही," रोसविटा म्हणाली. ती ओरडत नव्हती. "मलाही फार बरं वाटलं होतं. माझ्या आयुष्यातली सगळ्यांत छान दुपार होती ती. आणि त्या दुपारी गाठ वाढत होती. तिला माझं बरं वाटणं माहीत नव्हतं."

"डॉक्टरांची भीती वाटते."

"वाटणारच. मलाही वाटते, अजूनही. भीती वाटली तर वाटू दे. पण जो म्हणेल मी बरं करतो, त्याला विचार, कसं? डॉक्टरलाही विचार, लाजू नकोस. सांगता आलं तर थांब तिथे. आणि कसं विचारल्यावर जो तुझ्याच मनात खोट काढेल, त्याच्यापासून पळ. देव असो, वैद्य असो, भिंत असो."

ती बाई भिंतीकडे पाहत उभी राहिली. तिची बस खाली भोंगा वाजवत होती.

"तपासायला जाशील?" रोसविटानं विचारलं. "एकटी जायचं नसेल तर मी येते. माझी ताई आलीय बघ, तिची गाडी आहे. चिडकी आहे, पण गाडी बरी चालवते."

बाई कमानीच्या कडेपर्यंत गेली. मग तिनं खाली बसच्या दिशेनं हात हलवला, तुम्ही निघा, असा, आणि ओटिलीकडे वळून विचारलं, "दवाखाना किती लांब आहे?"